दंडातली बेडकुळी

कोपर दुमडून मूठ आवळली की दंडावर जो गोळा वर येतो, त्याला मराठी घरात बेडकुळी म्हणतात. काहींच्या तोंडी तिची बेटकुळी होते. बेडकुळी म्हणजे लहानशी बेडकी. कातडीखाली काहीतरी दबा धरून बसलेले आहे आणि मूठ वळताच ते उसळी घेते, हे पाहून कुणा पूर्वजाला बेडूक आठवला असावा. जबलपूरच्या मराठी मुलाने हाच दंड गल्लीतल्या सवंगड्यांना दाखवला की त्यांच्या लेखी ती ‘मछली’ ठरते. हिंदीत त्या जागी मासा वळवळतो. रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला होता. लॅटिनमधील ‘मस्क्युलस’ या शब्दाचा मूळ अर्थ छोटा उंदीर, आणि इंग्रजीतील ‘मसल’ त्याचाच वंशज. लॅटिन ‘मुस’ आणि संस्कृत ‘मूषक’ हे एकाच कुळातले शब्द आहेत, तरीही मराठीने तो उंदीर घेतला नाही, बेडकीच पसंत केली. ही निवड किती समर्पक होती, ते पुढे येईलच.

घरातून शाळेत गेले की नावे बदलतात. मराठी विज्ञानाच्या पुस्तकात दंडातल्या त्या गोळ्याला ‘स्नायू’ म्हटलेले असते. त्याच इयत्तेच्या हिंदी पुस्तकात ती ‘मांसपेशी’ असते. मराठी पुस्तकातही ‘पेशी’ हा शब्द आहे, पण तेथे त्याचा अर्थ सजीवाचा सर्वांत लहान घटक असा आहे, ज्याला हिंदी पुस्तक ‘कोशिका’ म्हणते. उलट हिंदी पुस्तकात ‘स्नायु’ सापडतो तो हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याच्या अर्थी. मराठीत त्याला ‘अस्थिबंध’ म्हणतात. जबलपूरहून पूर्वेकडे जाणारी गाडी धरून बंगालात उतरले, तर तेथे ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. एकच शब्द तीन भाषांत तीन वेगवेगळ्या ऊतींवर बसला आहे. मराठी माध्यमातून शिकून पुढे हिंदी वातावरणातल्या महाविद्यालयात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला हा पेच पहिल्याच आठवड्यात पडतो. त्याचे शरीर तेच असते, पण त्यातील प्रत्येक वस्तूची पाटी कुणीतरी रातोरात बदललेली असते.

हा पेच कुणाच्या निष्काळजीपणाने पडलेला नाही. त्याची मुळे शोधायची तर सुश्रुतसंहितेपर्यंत मागे जावे लागते. इसवी सनाच्या आगेमागे काही शतके संस्कारित होत गेलेल्या या ग्रंथातील शारीरस्थानाचा पाचवा अध्याय म्हणजे मानवी देहाची मोजदाद आहे. हाडे तीनशे, सांधे दोनशे दहा, स्नायू नऊशे, पेशी पाचशे. पेशींपैकी चारशे हातापायांत, सहासष्ट धडात आणि चौतीस मानेच्या वर. येथे ‘पेशी’ म्हणजे मांसाचा गोळा, आजच्या हिंदीतील मांसपेशी. आणि ‘स्नायू’ म्हणजे बांधणारी दोरी. या दोरीचे कार्य सांगताना सुश्रुताने नावेचा दाखला दिला आहे. फळ्या पुष्कळ दोऱ्यांनी घट्ट बांधलेली नाव जशी पाण्यावर माणसांचा भार पेलते, तसे स्नायूंनी सांधे बांधलेले हे शरीर भार सोसते. नर्मदेच्या घाटावर डोंगे पाहत वाढलेल्या वाचकाला हा दाखला समजावून सांगावा लागणार नाही.

सांध्यांचे वर्गीकरण तर याहून चित्रदर्शी आहे. आधी दोन मोठे वर्ग: हालचाल करणारे आणि स्थिर. मग आकारावरून आठ प्रकार. बोटे, मनगट, घोटा, गुडघा, कोपर यांचे सांधे ‘कोर’. काख, वंक्षण आणि दात यांचे ‘उलूखल’, म्हणजे उखळ. मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांचे ‘प्रतर’. जबड्याच्या दोन्ही बाजूंचे ‘वायसतुंड’, म्हणजे कावळ्याची चोच. कवटीच्या हाडांचे ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण. कवटीच्या जोडांना आजही जगभर ‘शिवण’ याच अर्थाचे नाव आहे. उखळाचे तर नशीब विशेष थोर. खांद्याचा आणि खुब्याचा सांधा मराठी पाठ्यपुस्तकात ‘उखळीचा सांधा’ म्हणून आजही नांदतो आहे, तर हिंदी पुस्तकात त्याचा ‘कंदुक-खल्लिका संधि’ झाला आहे. हिंदी शब्द अधिक नेमका, कारण त्यात चेंडूही आहे आणि खळगाही. परंतु स्वयंपाकघरात उखळ पाहिलेल्या मुलाला मराठी शब्द डोळे मिटून समजतो. सांध्यातील वंगणाचा विचारही सुश्रुताने केला होता. तेल घातलेल्या आसावर चाक जसे नीट फिरते, तसे श्लेष्म्याने माखलेले सांधे नीट चालतात, असे तो म्हणतो. आजच्या शास्त्रात त्या वंगणाला संधिद्रव म्हणतात.

ही माहिती त्याने मिळवली कशी? त्याची रीतही त्याच अध्यायात आहे. सर्व अवयव शाबूत असलेला, विषाने किंवा दीर्घ रोगाने न मेलेल्या माणसाचा देह घ्यावा. आतड्यांतील मळ काढावा. मुंज, कुश यांसारख्या गवतात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवावा आणि संथ वाहत्या पाण्यात आडबाजूला बुडवून ठेवावा. सात रात्रींनी देह मऊ पडला की बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने हळूहळू घासत जावे आणि कातडीपासून आतील एकेक थर डोळ्यांनी पाहावा. शस्त्राचे पाते न लावता, कुंचल्याने केलेले हे शवदर्शन आहे. या रीतीचे गुण आणि मर्यादा दोन्ही त्यातच दडलेले आहेत. कुजत गेलेल्या देहात हाडे, सांधे आणि चिवट दोऱ्या शेवटपर्यंत टिकतात, म्हणून त्यांचे वर्णन बारकाईने होते. मऊ मांस आणि त्याहून नाजूक मज्जातंतू आधी विरघळतात, म्हणून ते धूसर राहतात. तीनशे हाडांची संख्या आजच्या प्रौढ शरीरातील २०६ हाडांशी जुळत नाही, कारण दात आणि कूर्चाही त्या हिशेबात धरलेल्या आहेत. ए. एफ. रुडॉल्फ हर्नले या विद्वानाने १९०७ मध्ये या मोजणीचा कसून धांडोळा घेतला आणि प्राचीन वैद्यांचे ज्ञान अपेक्षेपेक्षा पुष्कळच अचूक असल्याचा निर्वाळा दिला.

आता पेचाची पहिली गाठ सुटते. उघड्या जखमेत किंवा कुजलेल्या देहात कंडरा, अस्थिबंध आणि जाड मज्जातंतू सारखेच दिसतात: पांढरे, चिवट, दोरीसारखे. ग्रीकांचीही हीच गत झाली होती. ‘न्यूरॉन’ या ग्रीक शब्दाचा जुना अर्थ कंडरा किंवा धनुष्याची दोरी असाच होता. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील हेरोफिलस आणि एरासिस्ट्रॅटस यांनी शवविच्छेदन करून मज्जातंतू वेगळे ओळखले, तेव्हा तो शब्द दोरीवरून तंतूवर सरकला. बंगालीने स्नायूला नेमक्या याच वाटेने नेले. हिंदी शास्त्राने तो सुश्रुताच्या अर्थाजवळ ठेवला. मराठीने मात्र त्याला दोरीच्या टोकाशी असलेल्या मांसावर बसवले आणि मोकळा झालेला ‘पेशी’ सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या घटकाला देऊन टाकला. बोलीभाषेने तर या भानगडीत पडायचेच नाकारले. तिच्याजवळ ‘शीर’ हा एकच शब्द आहे. रक्त वाहते तीही शीर, टाचेवरची ती धोंडशीर, आणि पाय मुरगळला की शिरेवर शीर चढते. जबलपूरच्या बाजारात हेच दुखणे ‘नस पर नस चढ़ गई’ या शब्दांत सांगितले जाते. चढणारी वस्तू बहुधा आखडलेला स्नायू असतो, नस नव्हे. पण मालीश करणाऱ्याच्या अंगठ्याला हा भेद नावाशिवायही कळतो.

सुश्रुताची परंपरा पुढे ग्रंथांत राहिली, नदीकाठी राहिली नाही. देहाला हात लावणे विटाळाचे ठरले आणि शारीर हा पाठांतराचा विषय झाला. हाडे बसवणे, सांधे जागेवर आणणे, मार लागलेल्याला शेकणे हे ज्ञान पोथीबाहेरच्या लोकांकडे गेले, मुख्यतः तालमींकडे. दरम्यान युरोपात १५४३ मध्ये वेसालियसने स्वतः शव फाडून काढवलेली स्नायूंची चित्रे छापली गेली होती. हिंदुस्थानात आधुनिक शवविच्छेदन सुरू झाले ते १८३६ मध्ये, कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात. पंडित मधुसूदन गुप्त हे त्यातील अग्रणी. ते स्वतः आयुर्वेदाचे जाणकार होते, हे येथे विसरता येत नाही. मुंबईत त्याआधीच, १८२६ मध्ये, जॉन मॅक्लेनन या डॉक्टराच्या देखरेखीखाली देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी एक शाळा निघाली होती. सरकारने ती १८३२ मध्ये बंद केली. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले तेव्हा शिकवण्याची भाषा इंग्रजी झाली. त्याच्या पहिल्या तुकडीतून १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत भाऊ दाजी लाड होते. दिवसा रुग्ण तपासणारा आणि एरवी शिलालेख वाचणारा हा माणूस. सुश्रुताचे शब्द आणि टेबलावरचे शव या दोहोंना एकाच वेळी भिडू शकणारी माणसे मराठी समाजात होती. त्यांच्या हातून मराठी शारीरशास्त्र इंग्रजीच्या बरोबरीने उभे राहिले असते. सहा वर्षांत गुंडाळलेल्या त्या देशी शाळेने ही वाट अर्ध्यावर सोडली, असेच म्हणावे लागते.

जबलपूरकडे वळायचे तर ते या काळात मराठी राज्यातून नुकतेच निघाले होते. सागरच्या मराठ्यांनी १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य संपवले, १७९८ मध्ये नर्मदेकाठचा हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतले. त्याच सुमारास पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर मल्लखांबाला नवे रूप देत होते. मल्लांच्या खांबाचा उल्लेख बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही आहे, परंतु आज जो मल्लखांब खेळला जातो तो बाळंभटदादांच्या परंपरेतला. पेशवाई बुडाल्यावर बाजीराव ब्रह्मावर्तास गेला आणि हा खांबही मराठी माणसांबरोबर उत्तरेत पसरला. मध्य प्रदेश शासनाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली. जो खेळ महाराष्ट्रातून आला, त्याला राजमान्यता मिळाली ती हिंदी भाषेच्या राज्यात.

मल्लखांब म्हणजे स्नायू आणि सांधे यांची उघडी प्रयोगशाळा आहे. सागवानी किंवा शिसवी खांबाला एरंडेल चोळलेले असते. खेळाडू उलटा होऊन दोन्ही पायांची अढी घालतो आणि हात सोडून देतो. त्या क्षणी सारा भार मांड्यांच्या आतल्या बाजूच्या स्नायूंवर येतो. ते स्नायू आखूड होत नाहीत, लांबही होत नाहीत. नुसते ताण धरून राहतात. पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने भार तसूभरही हलला नाही म्हणजे काम शून्य झाले. खेळाडूच्या अंगावरचा घाम मात्र वेगळेच सांगतो. जागचे न हलता स्नायू इंधन का जाळतो, हा प्रश्न विसाव्या शतकात ए. व्ही. हिल या इंग्रज शास्त्रज्ञाने उष्णतेचे अतिसूक्ष्म मापन करून हाताळला आणि १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

मराठी व्यायामपरंपरेला या प्रश्नांची जाण नव्हती, असे मुळीच नाही. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी उभारलेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तेव्हाच्या मध्य प्रांत-वऱ्हाडातले, म्हणजे जबलपूर ज्या प्रांतात होते त्याच प्रांतातले. या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्याच वर्षी बडोद्यात द. चिं. मजुमदार यांच्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे प्रकाशन सुरू झाले, १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. कुस्ती, मल्लखांब, लाठी यांच्याबरोबर शरीररचनेचे आणि हाडवैद्यकाचे ज्ञान मराठीत एकत्र आणण्याचा तो प्रचंड खटाटोप होता. बडोद्यातल्याच प्रो. माणिकरावांच्या आखाड्यात शरीर कमावलेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले. त्यांनी १९२३-२४ च्या सुमारास आपल्या गुरुकुलाच्या दाव्यांना थेट क्ष-किरणांसमोर उभे केले. नौली करताना पोटाच्या मध्यावर दोन उभे स्नायू दोरासारखे वर येतात. या वेळी मोठ्या आतड्यात काय घडते? कुवलयानंदांनी दाबमापक लावून पाहिले, तर तेथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी झालेला आढळला. म्हणजे पाणी आत ओढले जाते ते आतड्याच्या उलट्या हालचालीने नव्हे. पोटाच्या स्नायूंनी पोकळी मोठी केल्यामुळे निर्माण होणाऱ्या अंशतः निर्वाताने. गुरूंच्या नावावरून त्यांनी त्याला ‘माधवदास निर्वात’ म्हटले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. ते इंग्रजीत होते. जगाला पटवायचे तर त्या भाषेला पर्याय नव्हता, हे खरेच. पण आपल्या पोटातले हे गुपित मराठी वाचकाला आधी परभाषेत वाचावे लागले, हेही खरे.

बेडकाकडे परत येण्याची वेळ झाली. स्नायू आखडतो कसा, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात जगभर ज्या प्राण्याने सर्वाधिक प्राण वेचले तो बेडूक होता. गॅलेनपासून चालत आलेली समजूत अशी की, मेंदूतून निघालेला सूक्ष्म वायू मज्जातंतूंच्या नळ्यांतून स्नायूत शिरतो आणि तो फुगवतो. दंडावर गोळा येतो तो त्यामुळे. दिसायलाही ते तसेच दिसते. सतराव्या शतकात यान स्वामरडाम या डच संशोधकाने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत बंद केला, नळीच्या निमुळत्या तोंडात पाण्याचा थेंब ठेवला आणि मज्जातंतूला चिमटा दिला. स्नायू आखडला, थेंब वर चढला नाही. स्नायूचे आकारमान वाढलेच नव्हते. लांबी कमी झाली तेवढी जाडी वाढली, इतकेच. बेडकुळी फुगत नाही, ती गोळा होते. मराठी आयांनी मुलांच्या पोटरीतल्या पेटक्याला ‘गोळा आला’ म्हटले, ते शास्त्राच्या कसोटीला उतरले. पुढे १७९१ मध्ये गॅल्व्हानीने बेडकाच्या पायांवरील प्रयोग प्रसिद्ध केले आणि मज्जातंतूतून जाणारा तो ‘वायू’ विजेच्या जातीचा असल्याचे दिसू लागले.

बोरेल्ली या इटालियन गणितज्ञाचे पुस्तक स्वामरडामच्याच काळातले, १६८० चे. त्याने हाडांना तरफा मानून हिशेब मांडला आणि अनपेक्षित उत्तर काढले. तळहातावर पाच किलोचा भार कोपर काटकोनात ठेवून धरला, तर तो भार कोपरापासून साधारण पस्तीस सेंटिमीटर दूर असतो. बेडकुळीची कंडरा मात्र कोपरापासून चार-पाच सेंटिमीटरवरच हाडाला चिकटलेली. म्हणून पाच किलो पेलायला स्नायूला सात-आठ पट, म्हणजे पस्तीस-चाळीस किलोंच्या भाराइतके ओढावे लागते. निसर्गाने बळाच्या बाबतीत हा तोट्याचा व्यवहार केला, परंतु बदल्यात वेग मिळवला. स्नायू थोडासा आखडला की हात मोठे अंतर कापतो. चेंडू फेकणारा हात आणि लगोरी फोडणारा नेम या सौद्यावरच चालतो. शिवाय स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून प्रत्येक बेडकुळीच्या मागच्या बाजूला तिचा प्रतिस्पर्धी बसलेला असतो. एक आखडतो तेव्हा दुसरा सैल पडतो.

तरी लांबी कमी होते ती कशी, हे कोडे राहिलेच. १९४० च्या दशकाच्या आरंभी, महायुद्धाच्या धामधुमीत, हंगेरीतल्या सेगेद शहरात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूतील दोन प्रथिने वेगळी केली: मायोसिन आणि ॲक्टिन. दोहोंच्या मिश्रणाचा बारीक धागा ओढून त्यावर एटीपी हे पेशीतले इंधन घालताच तो धागा आपोआप आखडला. जिवंतपणाची एक खूण काचेच्या बशीत, निर्जीव धाग्यात दिसली होती. त्यानंतरचा दिवस २२ मे १९५४ चा. ‘नेचर’ या साप्ताहिकाच्या एकाच अंकात दोन निबंध छापून आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ नीडरगेर्के यांचा, तो बेडकाच्या एकेका जिवंत स्नायुतंतूवर केलेल्या कामाचा. दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, सशाच्या स्नायूवरचा. दोघा हक्सलींचे परस्परांशी नाते नव्हते. निष्कर्ष मात्र एकच होता: आखडताना कोणताही धागा स्वतः आखूड होत नाही. जाड धागे आणि बारीक धागे एकमेकांत सरकतात, जशा दोन फण्या दात गुंतवून एकमेकींत सरकवाव्यात.

प्रत्येक स्नायुतंतू हा अशा सूक्ष्म खणांची लांबच लांब माळ असतो. एक खण सुमारे अडीच सहस्रांश मिलिमीटर लांब. म्हणजे एका सेंटिमीटरात असे चार हजार खण रांगेने आले. मज्जातंतूचा संदेश पोचला की तंतूच्या आतल्या कोठारातून कॅल्शियम बाहेर पडते. बारीक धाग्यावर पहारा देणारी प्रथिने त्यामुळे बाजूला सरतात आणि जाड धाग्यावरची मायोसिनची मुंडकी बारीक धाग्याला धरून ओढतात. रस्सीखेचीत गडी जसे हात पुढे टाकतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात, तसाच हा प्रकार. आणि सगळे एकदम हात सोडत नाहीत म्हणून दोर मागे जात नाही. एकेक खण दशांशाने आखूड झाला तरी सेंटिमीटरभर तंतू मिलिमीटरने आखडतो. यातली खुबी अशी की पकड सोडवण्यासाठी प्रत्येक मुंडक्याला एटीपीचा एक कण लागतो. खांबावर निश्चल लटकलेल्या खेळाडूच्या मांडीत हीच धरसोड अखंड चालू असते, घाम त्याचाच. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठरते त्याचेही कारण हेच. इंधन संपले, पकडी सुटेनाशा झाल्या. विच्छेदनाच्या टेबलाशी उभ्या राहणाऱ्या पिढ्यांना ही ताठरता ठाऊक होती, तिचे कारण मात्र १९५४ नंतरच उलगडत गेले.

त्याच वर्षी मद्रासमध्ये गो. ना. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी कोलॅजन या प्रथिनाची घडण मांडली: तीन साखळ्या वेणीसारख्या एकमेकींभोवती वळलेल्या. कंडरा आणि अस्थिबंध मुख्यतः याच प्रथिनाचे असतात. सुश्रुताच्या नावेच्या दोऱ्या खरोखरच पीळ दिलेल्या निघाल्या, आणि तो पीळ भारतातच ओळखला गेला.

हे सारे घडत असताना जबलपूरच्या पायाखालची जमीन सरकत होती. स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. १९५० च्या कायद्याने हिंदी आणि मराठी या दोन्ही तेथल्या राजभाषा ठरल्या. नागपुरातच डॉ. रघुवीर संस्कृत धातूंवरून हजारोंच्या संख्येने पारिभाषिक शब्द घडवत होते, आणि ते एकाच वेळी सर्व भारतीय भाषांना चालावेत अशी त्यांची धारणा होती. त्यांचे पुष्कळसे शब्द जड होते, त्यांची थट्टाही खूप झाली. परंतु हिंदी आणि मराठी विद्यार्थ्याच्या देहाची एकच नामावली असावी, ही कल्पना या एका द्विभाषी प्रांतात तरी साध्य होण्याजोगी होती. १९५५ मध्ये जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय उघडले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी प्रांताची फाळणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. राजधानी भोपाळला गेली, उच्च न्यायालय जबलपूरला आले. त्यानंतर परिभाषेचे कारखानेही वेगळे झाले. मराठीसाठी १९६० मध्ये मुंबईत भाषा संचालनालय निघाले, हिंदीसाठी १९६१ मध्ये दिल्लीत वैज्ञानिक आणि तांत्रिक परिभाषेचा आयोग. १९६७ मध्ये पुण्यात बालभारती आली. प्रत्येकाने आपापल्या परीने चोख काम केले. फक्त दोन्हीकडची पुस्तके एकाच दप्तरात बाळगणारा विद्यार्थी त्यांपैकी कुणाच्याच बैठकीत नव्हता. ‘पेशी’ आणि ‘स्नायू’ यांच्या दोन अर्थांमधली सीमारेषा सातपुड्यातून गेली नाही, ती जबलपूरच्या मराठी मुलाच्या दंडातून गेली.

काही शब्द मात्र सीमा ओलांडून तसेच राहिले. ‘कंडरा’ दोन्ही भाषांत एकच आहे. ‘आकुंचन’ही तसाच, आणि त्याचे वय तर थक्क करणारे. वैशेषिक दर्शनाने कर्माचे, म्हणजे गतीचे, पाच प्रकार सांगितले: उत्क्षेपण, अवक्षेपण, आकुंचन, प्रसारण आणि गमन. स्नायूच्या आखडण्याला मराठी पाठ्यपुस्तक जो शब्द वापरते, तो कणादाच्या या यादीतला तिसरा आहे.

१६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली: शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. वाक्यरचना हिंदी, पण बहुतेक संज्ञा इंग्रजीच, देवनागरी लिपीत उतरवलेल्या. १८३२ मध्ये मुंबईत सोडून दिलेला प्रयोग एकशे नव्वद वर्षांनी दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या शहरात पुन्हा हाती घेतला गेला. जबलपूरच्या विच्छेदनगृहात आज विद्यार्थी ज्या पुस्तकातून शिकतो त्यात मांसपेशीऐवजी ‘मसल’ असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे सुश्रुताची पेशी बाहेर राहिली आणि रोमन उंदीर आत आला. बेडूक तर प्रयोगशाळेतूनही गेला. शाळांतील विच्छेदनाचे ट्रे केव्हाच कपाटात पडले, आणि १९८७ पासून बेडकांच्या पायांच्या निर्यातीवरही देशात बंदी आहे. पावसाळ्यात नर्मदेकाठच्या डबक्यांत तो अजून भेटतो. एरवी शाळेच्या मैदानावर, मधल्या सुटीत, कुणी कुणाला बाही वर करून दंड दाखवला की.